तंजावरच्या वाटेने आलेला पूर्वज

कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील एक प्राचीन नगर होय. येथील मंदिरे, बारा वर्षांनी येणारा महामहम् स्नानोत्सव, विड्याची पाने, पितळेची भांडी आणि रेशमी वस्त्रे दक्षिणेत सर्वत्र परिचित आहेत. या नगराचे आणखी एक वैशिष्ट्य मात्र बाहेरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. रस्त्यावर तमिळ बोलणाऱ्या काही कुटुंबांच्या माजघरात निराळ्याच भाषा चालतात. रेशीम विणणाऱ्या घरांत सौराष्ट्री ऐकू येते. आणि ज्यांच्या पूर्वजांनी दप्तरे सांभाळली, महसूल गोळा केला किंवा फौजेत चाकरी केली, अशा काही घरांत मराठी.

ही मराठी माणसे येथे केव्हा आली, कोठून आली आणि आपल्या घराण्यातील पहिला आलेला पुरुष कोण, हा प्रश्न त्या घरांतील प्रत्येक पिढीला केव्हा ना केव्हा पडतो. त्याचे ठरलेले उत्तर असे, की पूर्वज व्यंकोजी राजांबरोबर आले आणि दरबारात मोठ्या पदावर होते. हे उत्तर खोटेच असते असे नाही. परंतु ते बहुतेक घरांत सारखेच मिळते, आणि जे सर्वांना लागू पडते त्यातून कोणा एका माणसाचे आयुष्य हाती येत नाही. तो कोणत्या गावचा होता, कोणते काम करीत होता, त्याला वेतन काय मिळे, तो कुंभकोणमातच का राहिला, हे जाणून घ्यावयाचे तर वेगळी वाट धरावी लागते. ती वाट कोणती आणि कोठपर्यंत पोचते, हे येथे पाहावयाचे आहे.

स्थलांतराचे दोन प्रकार

पूर्वजांचा शोध घेण्याची ओढ आज जगात सर्वत्र दिसते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोवेल, चिकोपी यांसारखी कापडगिरण्यांची गावे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी पोलंडमधील खेड्यांतून हजारो माणसे अशा गावांत गिरणीकामासाठी गेली. त्यांच्या वंशजांना शोधाची साधने तयारच सापडतात. बोटीवरील उतारूंच्या याद्या आहेत. १८९२ पासून न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरलेल्यांच्या नोंदी आहेत. चर्चमधील बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले आहेत. आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेची कुटुंबवार पत्रके बहात्तर वर्षांनंतर सर्वांना पाहावयास मिळतात. तरीही त्यांची वाट निष्कंटक नाही. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड नावाचे स्वतंत्र राज्यच नकाशावर नव्हते. त्यामुळे पोलिश भाषा बोलणारा माणूस सरकारी कागदावर रशियाचा, ऑस्ट्रियाचा किंवा जर्मनीचा म्हणून उतरला, आणि त्याचे नाव लिहिणाऱ्याच्या कानाला जसे वाटले तसे लिहिले गेले.

कुंभकोणमच्या मराठी पूर्वजाची गोष्ट याहून निराळी आहे. तो बोटीने आला नाही. त्याची वाट कोणत्याही बंदरात अडवली गेली नाही. भारतात जनगणना १८७१–७२ पासून सुरू झाली खरी, परंतु तिचे आकडे छापले गेले. घरोघरची पत्रके जतन करण्याची पद्धत येथे नव्हती. मात्र एक गोष्ट या शोधकाला अनुकूल आहे. तो पूर्वज ज्या राज्यात आला ते राज्य कागदावर चालत होते. बोटीने जाणाऱ्याची नोंद तो धक्क्यावर उतरला तेव्हा झाली. तंजावरला आलेल्याची नोंद त्याच्या हाती पहिले वेतन पडले तेव्हा झाली. म्हणून त्याचा शोध प्रवासाच्या याद्यांत न करता नोकरीच्या, जमिनीच्या आणि धर्मकृत्यांच्या नोंदींत करावयाचा असतो.

कोण आले, कोणत्या वाटेने

शहाजी राजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांच्या वंशाचे राज्य १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे टिकले. एवढ्या दीर्घ काळात मराठी माणसे एकाच लाटेत आली असे समजणे ही शोधातील पहिली चूक ठरते.

व्यंकोजी पुण्याहून तंजावरला गेले नव्हते. शहाजी राजांची जहागीर बंगळूर प्रांतात होती आणि व्यंकोजींचे ठाणेही तेथेच होते. त्यांच्याबरोबर जे सरदार, शिलेदार, कारकून व पुरोहित तंजावरला उतरले त्यांपैकी अनेकांनी कर्नाटकात एखादी पिढी काढलेली होती. त्यामुळे ज्या कुटुंबाला आपले मूळ सरळ कृष्णाकाठी किंवा भीमाकाठी सापडेल अशी अपेक्षा असते, त्याला मधला मुक्काम बंगळूर, कोलार अशा भागात शोधावा लागतो. दुसरा प्रवाह जिंजी, वेल्लोर, आरणी या बाजूने आला. तिसरा प्रवाह पुढील शंभर वर्षांत सावकाश येत राहिला. दरबारात एकाला जागा मिळाली की त्याचा भाचा, मेव्हणा किंवा जावई मागाहून येई. मोठ्या मोहिमांपेक्षा अशा नात्यांच्या ओढीनेच बहुधा अधिक कुटुंबे दक्षिणेत आणली.

राजधानी तंजावर असताना कुंभकोणमला वस्ती का झाली, याचीही कारणे आहेत. कावेरीच्या खोऱ्यातील हा सर्वांत सुपीक भाग; येथील भातशेतीवर राज्याचा महसूल उभा होता. कुंभकोणम हे सुभ्याचे ठाणे होते आणि सुभ्याला सुभेदार, कारकून, शिपाई लागतच. शिवाय आसपासच्या गावांत राजांनी विद्वानांना व सेवकांना अग्रहार दिले. कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूर येथील अग्रहार शहाजी राजांनी १६९३ मध्ये सेहेचाळीस पंडितांना दिला आणि त्याला शहाजीराजपुरम् हे नाव पडले. १७९८ मध्ये गादीवरून दूर झाल्यावर अमरसिंह राजे कुंभकोणमपासून दोन-तीन कोसांवर असलेल्या तिरुविडैमरुदूर येथे येऊन राहिले व १८०२ मध्ये तेथेच वारले. राजाबरोबर त्याचा परिवारही हलतो. म्हणून या भागातील काही घराण्यांचा कालक्रम पाहताना ही तारीख ध्यानात ठेवावी लागते.

कुंभकोणमात आजही दबीर या नावाचे रस्ते आहेत. दबीर हा मराठी राज्यातील परराष्ट्रव्यवहार पाहणारा मंत्री. रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कित्येकांना या शब्दाचा अर्थ ठाऊक नसतो. तरी एका पदाचे नाव गावाच्या पत्त्यात राहून गेले आहे.

शोधाचा आरंभ घरातून

कागदांकडे वळण्यापूर्वी घरात जे शिल्लक आहे ते नीट नोंदवावे लागते. ज्ञात असलेल्या पिढीपासून मागे मागे जाणे हाच या कामाचा नियम आहे. एखाद्या प्रसिद्ध पुरुषापासून खाली उतरत आपल्यापर्यंत येण्याचा प्रयत्न केला, तर दुवे हवे तसे जुळवण्याचा मोह होतो.

पहिली अडचण नावाची. महाराष्ट्रात माणसाच्या नावाबरोबर आडनाव चालते. तमिळ प्रदेशात नावाच्या आधी गावाचे व वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची रीत आहे. मराठी कुटुंबांनी ही रीत स्वीकारली आणि दोन-तीन पिढ्यांत पुष्कळांची आडनावे व्यवहारातून गेली. पुरुषांच्या नावामागे ‘राव’ आणि स्त्रियांच्या नावामागे ‘बाई’ एवढीच खूण राहिली. परंतु ‘राव’ हा शब्द तेलुगू व कन्नड घराण्यांतही चालतो. केवळ त्यावरून कोणाला मराठी ठरवता येत नाही.

दुसरे साधन श्राद्धाचे. ज्या घरांत श्राद्ध चालते, तेथे त्या विधीत वडील, आजोबा व पणजोबा आणि तसेच आई, आजी व पणजी यांच्या नावांचा गोत्रासह उच्चार करावा लागतो. म्हणजे कोणत्याही दप्तराची मदत न घेता तीन पिढ्यांची नावे, आणि तीही स्त्रियांच्या नावांसह, मुखोद्गत राहतात. घरातील वृद्ध पुरुषाने आपल्या तारुण्यात ज्या नावांनी श्राद्ध केले ती नावे लिहून घेतली, की शोधकापासून मोजता पाच-सहा पिढ्यांपर्यंत सहज जाता येते. सरकारी कागदांत स्त्रिया क्वचितच दिसतात. त्या दृष्टीने या विधीचे मोल अधिक आहे. मात्र येथे उच्चारले जाणारे नाव सासरचे असते. माहेरचे नाव व माहेरचे गाव वेगळे विचारून घ्यावे लागते, आणि ते सांगू शकणाऱ्या व्यक्ती बहुधा घरातील वयोवृद्ध स्त्रियाच असतात.

तिसरे साधन कुलदैवताचे. कुलदैवत तुळजाभवानी किंवा जेजुरीचा खंडोबा असेल तर मूळ प्रदेशाकडे बोट दाखवता येते. तिरुपतीचा व्यंकटेश असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही, कारण देशस्थांतील पुष्कळ घराणी त्याला भजतात. मूळ गाव किंवा आडनाव यांपैकी एक जरी मिळाले तरी आणखी एक दार उघडते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे, त्यांचे वाडवडील व बरोबरचे आप्त नोंदलेले असतात. या वह्या गाव व घराणे यांच्या क्रमाने लावलेल्या असल्याने नुसते आद्याक्षर घेऊन जाणाऱ्याला त्यांचा उपयोग होत नाही.

स्वयंपाकघर आणि भजन यांतूनही पुरावा मिळतो, पण तो जपून वापरावा लागतो. उडदाच्या पिठाचे डांगर महाराष्ट्रात आहे आणि तंजावरी मराठी घरांतही आहे. हा एकाच परंपरेचा धागा म्हणता येईल. उलट सांबार हा पदार्थ संभाजी महाराजांच्या नावावरून तंजावरच्या मुदपाकखान्यात जन्मला, ही कथा कितीही लोकप्रिय असली तरी तिला समकालीन कागदाचा आधार दाखवला जात नाही. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, एवढे पाहिले तरी या शब्दाचे मूळ राजाच्या नावात शोधण्याची घाई करू नये हे पटते. तसेच एखाद्या घरी अभंग गाइले जातात म्हणून ते घर मराठी ठरत नाही. कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूर येथील सद्गुरुस्वामींनी (१७७७–१८१७) दक्षिणेतील भजनपद्धतीला जे रूप दिले, त्यात मराठी अभंगांना स्थान मिळाले आणि तमिळ घरांतूनही ते गाइले जाऊ लागले.

मोडीचे रुमाल

घरातील साधने साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेऊन सोडतात. त्यामागे जायचे तर तंजावरच्या दप्तराचा आश्रय करावा लागतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसरे सरफोजी राजे यांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. हा प्रचंड शिलालेख बाबूराव चिटणीस यांनी रचला. राजाचा वंश असा दगडावर राहिला. राजाच्या चाकराचा वंश मात्र कागदावर, आणि तोही मोडी लिपीत राहिला.

सरस्वती महाल या ग्रंथालयाची कीर्ती संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांसाठी आहे. १९१८ मध्ये ते सार्वजनिक झाले आणि १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. या संग्रहात तंजावरच्या राज्यकारभाराचे मोडी कागद तेराशेहून अधिक रुमालांत बांधलेले आहेत. तंजावर दप्तराचा काही भाग चेन्नईच्या राज्य अभिलेखागारातही आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने यांपैकी काही कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. ज्या वंशजांना मोडी येत नाही, पण तमिळ वाचता येते, त्यांना या अनुवादांचा मोठा आधार आहे.

हे कागद म्हणजे बखरी नव्हेत. त्यांत वेतनाचे हिशेब आहेत, छत्रांतील अन्नदानाचा खर्च आहे, वाड्यातील कपड्यालत्त्याची व औषधांची खरेदी आहे, देवस्थानांच्या नेमणुका आहेत, लग्नकार्यासाठी दिलेल्या रकमा आहेत, तक्रारी व त्यांवरील हुकूम आहेत. पूर्वजाचे नाव येथे सापडले तर ते बहुधा पराक्रमाच्या वर्णनात सापडत नाही. अमुक महिन्यात अमुक कारकुनास इतके चक्रम पावले, अशा एका ओळीत सापडते. अशी एक ओळ फार काही सांगत नाही. परंतु पाच वर्षांच्या अशा ओळी एकत्र ठेवल्या, की त्याची बढती, बदली, आजारपणातील रजा किंवा त्याच्या जागी मुलाची झालेली नेमणूक दिसू लागते. आयुष्य उभे राहते ते असे, ओळीओळीने.

ही ओळ वाचण्यासाठी तीन गोष्टी अवगत असाव्या लागतात. पहिली अर्थात मोडी लिपी. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि शब्दांचे संक्षेप फार. त्यामुळे देवनागरी येणाऱ्यालाही ती नव्याने शिकावी लागते.

दुसरी गोष्ट कालगणना. शके, संवत्सराचे नाव, फसली आणि सुहूर सन असे अनेक प्रकार कागदांत येतात. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन मिळतो. मद्रासकडील फसली सनात पाचशे नव्वद मिळवावे लागतात. सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहिला जाई. ‘अर्बा तिसैन मया व अलफ’ म्हणजे चार, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण अकराशे चौऱ्याण्णव. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवले की १७९३ हे वर्ष येते. ही सर्व वर्षे जानेवारीत सुरू होत नसल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो. नुसते संवत्सराचे नाव असेल तर ते दर साठ वर्षांनी परत येते, हे विसरल्यास आजोबा आणि नातू यांची गल्लत होते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे ही गल्लत अधिकच सोपी असते.

तिसरी गोष्ट स्थानिक मापे व नाणी. भाषा मराठी असली तरी हिशेब कावेरीकाठचा आहे. जमीन बिघ्यांत नव्हे तर वेलीत मोजली जाते. एक वेली म्हणजे सुमारे साडेसहा एकर, आणि तिचा विसावा भाग म्हणजे एक मा. धान्य कलम या मापाने येते, पैसा चक्रम व पणम् यांत. एखाद्या सेवकाला दोन वेली जमीन होती असे वाचल्यावर, दुबार भातपिकाच्या प्रदेशात तेरा एकर म्हणजे काय याचा विचार केला, तरच त्याची खरी स्थिती कळते.

कंपनीच्या काळातील नोंदी

१७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजी राजांकडे तंजावरचा किल्ला व मानमरातब उरला. मराठी कारकुनांचे महत्त्व मात्र एकदम संपले नाही. मद्रास इलाख्यातील अनेक कचेऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महसुली कामात मराठीचा वापर होत होता. जे हात राजाचे हिशेब लिहीत होते तेच आता कलेक्टराचे लिहू लागले. म्हणून १८०० नंतर दरबारी कागदांतून एखादे नाव नाहीसे झाले, तर तो पुरुष वारला किंवा गाव सोडून गेला असे लगेच मानू नये. तो जिल्ह्याच्या कचेरीत शिरस्तेदार किंवा तहसीलदार म्हणून सापडण्याचा संभव असतो.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे औरस पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्य खालसा केले. राजावर अवलंबून असलेल्या असंख्य माणसांच्या चरितार्थाचा प्रश्न निर्माण झाला, आणि त्यातून अर्ज, चौकश्या व निवृत्तिवेतनाचे निर्णय यांचे कागद तयार झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८५८ मध्ये, मद्रास सरकारने इनाम आयोग नेमला. इनाम जमीन कोणी दिली, कोणाला दिली, सध्या ती कोणाकडे आहे आणि मूळ इनामदाराशी त्याचे नाते काय, हे आयोगाने विचारले व नोंदवले. वंशावळीच्या दृष्टीने ही नोंद अमोल आहे, कारण येथे आजोबा आणि नातू एकाच पानावर येतात. तिच्यातही सावधगिरी हवी. जमीन राखण्यासाठी दिलेले ते उत्तर होते. देणगी शक्य तितकी जुनी आणि नाते शक्य तितके जवळचे दाखवण्यात लाभ होता.

पुढील काळ सोपा आहे. कुंभकोणमला १८६६ मध्ये नगरपालिका आली. १८९९ मध्ये जन्ममृत्यूच्या नोंदणीचा मद्रास कायदा झाला. १८५४ मध्ये निघालेल्या सरकारी विद्यालयाचे पुढे महाविद्यालय झाले आणि या नगराला दक्षिणेतील केंब्रिज असे लोक कौतुकाने म्हणू लागले. विद्यार्थ्याचे नाव, वय व पालक यांचा मेळ अशा संस्थांच्या नोंदवह्यांतून घालता येतो.

एका घराण्याचे उदाहरण

या पद्धतीची शक्ती आणि मर्यादा दोन्ही एका सुप्रसिद्ध घराण्यावरून पाहता येतील. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथे देशस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. नावामागचे ‘टी’ हे तंजावरचे आद्याक्षर. आडनाव त्यात नाही. त्यांचे वडील रंगराव आणि चुलते राय व्यंकटराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. व्यंकटरावांचे पुत्र रघुनाथराव यांचा जन्म १८३१ मध्ये कुंभकोणमलाच झाला. ते इंदूरचे दिवाण झाले आणि विधवाविवाहाच्या चळवळीत त्यांनी हिरिरीने भाग घेतला. माधवरावांच्या चरित्रांत त्यांचे पणजोबा गोपाळपंत आणि गोपाळपंतांचे पुत्र गुंडोपंत यांची नावे येतात. दोघांनीही मानाची पदे भूषविली होती.

ही नावे क्रमाने वाचली की एक बदल नजरेत भरतो. गोपाळपंत, गुंडोपंत, आणि त्यानंतर रंगराव, माधवराव. दोन पिढ्या ‘पंत’ आहेत, पुढच्या दोन ‘राव’. दरबारी मराठी वळण मागे पडून दक्षिणेतील सर्वपरिचित रूप रूढ होत असल्याची ही खूण आहे.

आता हिशेब करून पाहता, एका पिढीला पंचवीस ते तीस वर्षे धरली तर गोपाळपंतांचा जन्म १७४० ते १७५५ च्या दरम्यान येतो. व्यंकोजींनी तंजावर घेतले त्या घटनेला तेव्हा पासष्ट ते ऐंशी वर्षे होऊन गेली होती. म्हणजे ज्यांच्या चारही पिढ्या उच्चपदावर होत्या आणि ज्यांची चरित्रे लिहिली गेली, त्या घराण्याची साखळीदेखील राज्यस्थापनेच्या अलीकडे दोन-तीन पिढ्यांवर थांबते. सामान्य कारकुनाच्या वंशजाला आपला दुवा सरळ १६७५ ला जोडता आला नाही, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट गोपाळपंतांच्या पूर्वीचा अंतर न सांगता भरून काढणारी वंशावळ समोर आली, तर तिच्याविषयी शंका घेणे योग्य ठरते.

माधवरावांच्या पुढील आयुष्यात या स्थलांतराला एक अनपेक्षित वळण मिळाले. त्रावणकोरचे दिवाणपद १८५७ पासून १८७२ पर्यंत सांभाळल्यावर ते १८७३ मध्ये होळकरांच्या इंदुरास आणि १८७५ मध्ये गायकवाडांच्या बडोद्यास गेले. तरुण सयाजीरावांना राज्यकारभाराचे पाठ त्यांनीच दिले. ज्या घराण्याने मराठी राज्याची चाकरी करीत दक्षिण गाठली, त्याचा वंशज दोन शतकांनी पुन्हा मराठी राज्यांच्या सेवेत उत्तरेकडे आला. कुंभकोणमच्या घरात टिकलेली भाषा ही नुसती आठवण नव्हती. ती कामाची होती.

विणकरांचा माग

याच नगरातील सौराष्ट्री विणकरांशी तुलना केली तर पूर्वजशोधाची आणखी एक बाजू स्पष्ट होते. कुंभकोणम आणि जवळचे तिरुभुवनम् येथील रेशमी वस्त्रव्यवसायात या समाजाचा मोठा वाटा आहे. त्यांची भाषा गुजरातीच्या कुळातील असून तिच्यात मराठी, तेलुगू व तमिळ शब्द मिसळले आहेत. म्हणजे प्रवासाचे टप्पे शब्दांतच साठले आहेत. मध्य प्रदेशातील मंदसोर येथील शिलालेखात लाट देशातून आलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने इसवी सन ४३७ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधल्याची हकीकत आहे, आणि काही अभ्यासक तिचा संबंध या समाजाशी जोडतात. तो संबंध मान्य केला तरी त्यातून एका समाजाचे स्थलांतर कळते. एका विणकराचे नाव कळत नाही. लेखणी घेऊन आलेल्याचे नाव हिशेबात राहिले. माग घेऊन आलेल्याचे कसब वस्त्रात राहिले आणि नाव बहुधा गेले. गिरणीत बारा तास राबणाऱ्या पोलिश मजुराचे नाव निदान पगारपत्रकात उतरले. हातमागाच्या विणकराला तेवढेही लाभले नाही. कागद सर्वांना सारखा न्याय देत नाही, हे पूर्वज शोधणाऱ्याने कायम लक्षात ठेवावे.

वेळेचा प्रश्न

तंजावरी मराठी कुटुंबांची स्थिती आज विलक्षण आहे. घरात मराठी बोलणारी पुष्कळ माणसे ती वाचू शकत नाहीत. लिहिण्याची वेळ आली तर तमिळ किंवा इंग्रजीचा आधार घेतात. देवनागरी येणाऱ्यांना मोडी येत नाही. ज्यांना मोडी येते अशा महाराष्ट्रातील वाचकांना वेली, कलम आणि चक्रम यांचा परिचय नसतो. कागद एका ठिकाणी, लिपीचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी आणि घराण्याची आठवण तिसऱ्याच ठिकाणी, अशी ही फारकत आहे. तिन्ही एकत्र आल्याशिवाय कोणाचाही पूर्वज सापडणार नाही.

यांपैकी कागद ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत. त्यांना कसरीचे व दमट हवेचे भय असले तरी त्यांची काळजी घेणारी संस्था आहे. मोडी लिपी शिकवता येते आणि शिकवली जात आहे. तिसरी गोष्ट, म्हणजे माणसाच्या मनातील आठवण, कोणत्याही रुमालात बांधता येत नाही. श्राद्धातील नावे, माहेरचे गाव, कुलदैवताला जाण्याची जुनी वाट, विस्मृत आडनाव, हे सारे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याबरोबर ते नाहीसे होते. आणि ते नाहीसे झाले की दप्तरातील ओळ वाचूनही ती आपल्या माणसाची आहे हे ओळखता येत नाही.

म्हणून या शोधात पहिले पाऊल तंजावरच्या ग्रंथालयात न टाकता घरातील वडीलधाऱ्यांजवळ बसून टाकावे लागते. त्यांनी सांगितलेले जसेच्या तसे, सांगणाऱ्याचे नाव व दिवस यांसह लिहून ठेवले, तर पुढच्या पिढीतील मोडी शिकलेल्या माणसाला त्याचा उपयोग होईल. शेवटी हाती येणारा पूर्वज बहुधा सेनापती किंवा प्रधान नसेल. तो सुभ्याच्या कचेरीत बसून भाताच्या राशींचा हिशेब लिहिणारा, वेतन उशिरा मिळाल्याची तक्रार करणारा, मुलाच्या मुंजीसाठी उचल मागणारा एक कारकून असेल. परक्या प्रदेशात येऊन त्याने आपला संसार उभा केला आणि त्या घरात त्याची भाषा तीनशे वर्षे टिकली. त्याची ओळख पटण्यासाठी एवढे पुरेसे आहे.